साठीनंतरचा भाजणीचा धंदा आणि एक हॉर्सपॉवरची घरघंटी

निवृत्तीनंतर घरून भाजणी, मेतकूट, उपासाचं पीठ विकायचं ठरलं की पहिली मोठी खरेदी बहुधा हीच होते: सिंगल फेजवर चालणारी, १ हॉर्सपॉवरची, दगडाऐवजी पोलादी पात्यांची घरघंटी. इंदुरात ती ‘आटाचक्की’ म्हणूनच मागावी, नाहीतर दुकानदार देवघरातली घंटी दाखवायचा. पाचपैकी साडेतीन तारे. दीड का कापला ते पुढे येईल.

आधी धंद्याचं. शेव-पापडीच्या वाटेला जाऊ नका. ज्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर नमकीनचं दुकान आहे, तिथे साठीत नवी कढई चढवून त्यांच्याशी भावात टक्कर घेण्यात अर्थ नाही. पण रामबाग, लोकमान्य नगरकडच्या मराठी घरांना लागणारी थालीपिठाची भाजणी त्या दुकानांत मिळत नाही. उपासाची भाजणी तर गल्लीतल्या गिरणीत दळताच येत नाही, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात बसलेला असतो. घरघंटीचा खरा उपयोग इथे. साध्या पिठानंतर उपासाचं दळायचं असेल तर कप्पा ब्रशने झाडा, जाळी काढून धुऊन कोरडी करा, मग दोन मुठी वरी दळून ती बाजूला टाका. पीठ साठणारा डबा आणि घंटीतली हवा गाळणारी कापडी पिशवी मात्र उपासासाठी वेगळीच ठेवा. पिशवीच्या शिवणीत अडकलेलं पीठ झाडून निघत नाही.

आता कामगिरी. कागदावर तासाला ८-१० किलो लिहिलेलं असतं. ते गव्हाचं, आणि तेही जाड जाळीवर. चकलीच्या भाजणीला बारीक जाळी लागते, तिच्यावर आकडा निम्म्याच्या आसपास येतो. ५ किलोला तास धरून चाला. थालीपिठाला त्याहून एक पायरी जाड जाळी लावली तर पीठ रवाळ येतं आणि थालीपीठ खुसखुशीत होतं. जाळ्यांचे क्रमांक कंपनीगणिक उलटसुलट असतात, तेव्हा नंबर न बघता भोक बघून जाळी निवडा.

वेळ मात्र दळण्यात जात नाही, भाजण्यात जातो. चकलीचं नेहमीचं माप ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, वर धणे-जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे आणि प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजायचा. डाळ लाल झाली की चकली काळपट येते. ५ किलोच्या भाजण्याला दोन तास सहज लागतात. दमतो तो खांदा, मोटर नव्हे. म्हणून किती ऑर्डर घ्यायची ते घंटीची ताकद पाहून ठरवू नका, आपल्या हाताची पाहून ठरवा.

तक्रारी बहुतेक एकाच चुकीतून येतात: भाजणी कोमट असतानाच दळायला घेणं. आतल्या वाफेने पीठ ओलसर होतं, जाळीच्या भोकांत थापलं जातं, दाणे कप्प्यातच फिरत राहतात, मोटर तापते आणि ओव्हरलोडचं बटण उडतं. आवाज भरड आणि जड झाला की समजा, जाळी बुजली. भाजलेला माल परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. पावसाळ्यात तर गार झाल्याबरोबर दळा, उघडा ठेवलात तर हवेतली ओल पितो. तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं यांचं तेल सुटतं, ते या घंटीत घालायचंच नाही. धणे एकटे दळू नका, तांदळाबरोबर दळा. अख्खी हळकुंडंही नकोत. डाळी इंदूरच्या सियागंज या घाऊक बाजारातून पोत्याने आणा, पण निवडल्याशिवाय वर ओतू नका. एक खडा पात्याची धार घालवतो.

विजेचं. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मोटरचा तोटा धरून तासाला साधारण एक युनिट जातं, म्हणजे खर्च किरकोळ. पण सॉकेट १६ अँपिअरचा, अर्थिंगसकट हवा. टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावलीत तर बोर्ड वितळू शकतो. बटण दाबल्यावर नुसता हूंऽऽ आवाज येऊन पाती फिरली नाहीत तर तत्क्षणी बंद करा. बऱ्याचदा मोटरला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर गेलेला असतो. तो भाग स्वस्त आहे, जळालेली मोटर नाही. आणि काहीच आवाज येत नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी दार नीट लावा. दाराआड सुरक्षा स्विच असतो, अर्धवट दाराला घंटी चालत नाही.

आता कापलेला दीड तारा. अर्धा पिठाच्या डब्यासाठी: तो तळाशी असतो, दर खेपेला वाकून ओढावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर घंटी वीतभर उंचीच्या भक्कम लाकडी पाटावर चढवा, पण मग वरचं तोंड छातीशी येतं, दुकानात उभं राहून मोजून बघा. अर्धा धुळीसाठी. कापडी पिशवी आठवड्याला धुतली नाही तर हवा कोंडते आणि दाराच्या फटीतून पीठ उडतं. दम्याचा त्रास असेल तर मास्क लावा, किंवा दळायचं काम घरातल्या दुसऱ्याकडे द्या.

दळलेलं पीठही गरम असतं. ते रात्रभर पातळ कापडाखाली ठेवून सकाळी भरा, नाहीतर पाकिटाला आतून घाम फुटतो आणि आठवड्यात वास येतो. घरून विकलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारीख आणि हिरवा ठिपका पाकिटावर हवा.

उरलेला अर्धा तारा वॉरंटी कार्डाने खाल्ला. ही घंटी घरगुती वापरासाठी विकली जाते, आणि व्यावसायिक वापर केल्यास वॉरंटी लागू नाही, अशी ओळ बारीक अक्षरांत बहुतेक कार्डांवर असते. पैसे मोजण्याआधी ती ओळ दुकानातच वाचून घ्या. आठवड्याला १०-१५ किलोपर्यंत ही घंटी पुरते. दिवाळीला रोज तेवढं दळायचं असेल तर सरळ २ हॉर्सपॉवरची व्यावसायिक चक्की बघा, आणि ती सोसायटीत ठेवण्याआधी खालच्या मजल्यावरच्यांना तिचा आवाज एकदा ऐकवा.