दादरला केलेली कॉल्पोस्कोपी
पॅप स्मीअरचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट बिघडलेला आला आणि डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख दुर्बिणीतून मोठं करून बघायची तपासणी, लिहून दिली. वय 47, पोटात गोळाच आला. दादर पश्चिमेला स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक क्लिनिक आहे, तिथे करून घेतली. पाळी संपल्यावर या, आधी दोन दिवस संबंध नकोत, आत लावायचं औषधही नको, हे त्यांनी फोनवरच नीट सांगितलं.

मला वाटलं होतं दुर्बीण आत घालतात. तसं नाही, ती बाहेर स्टँडवरच असते. आत जातं ते पॅप स्मीअरच्या वेळचंच स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारं साधन. हे कळलं तिथेच निम्मी भीती गेली.

डॉक्टरबाईंनी कापसाने अॅसेटिक अॅसिड लावलं, जरा चुणचुणलं. मग म्हणाल्या, "ताई, स्क्रीनकडे बघा." गुलाबी गर्भाशयमुखावर, घड्याळात अकरा असतात त्या जागी, मिनिटभरात पांढरा डाग उमटला. नंतर आयोडीन लावलं. बाकी सगळं गडद तपकिरी झालं, तो डाग मात्र पिवळा दिसला. "निरोगी पेशी आयोडीन ओढून घेतात, या घेत नाहीत." स्वतःच्या शरीरातलं इतकं स्पष्ट मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. त्याच डागाचा तुकडा बायोप्सीला घेतला. "जोरात खोका," म्हणाल्या, खोकले, आणि एक चिमटा बसला. पंधरा मिनिटांत मोकळी.

याच अॅसिडने टाटा मेमोरियलच्या आरोग्यसेविकांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये नुसत्या डोळ्यांनी तपासण्या केल्या होत्या. 2013 साली निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. वस्तीतल्या बाईला जे मिळू शकतं, ते आपण टाळत बसतो.

तक्रारी दोन. बायोप्सीच्या लॅबचे पैसे वेगळे, हे बिल हातात आल्यावर कळलं. आणि रिसेप्शनवरच्या मुलीने भरल्या हॉलमध्ये तपासणीचं नाव घेऊन मला हाक मारली. समोर आमच्याच बिल्डिंगमधले काका बसलेले. मला फार लागलं ते, आणि मी तसं सांगूनही आले.

रिपोर्टमध्ये एचपीव्ही या विषाणूमुळे झालेले सौम्य बदल निघाले, कॅन्सर नाही. वर्षाने पुन्हा दाखवायचंय. माझी जाऊ पॅप स्मीअर दिवाळीपासून पुढे ढकलतेय. येत्या मंगळवारी तिला तिथेच नेतेय. हाक फक्त नावाने मारा, हे फोनवर आधीच सांगून ठेवलंय.