बासष्ट हजार पाचशेचा गेट पास

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका ठोक किराण्याच्या पेढीवर मी सव्वीस वर्षं हिशेब लिहितोय. जिरं घ्यायचं असो की नवा वजनकाटा, तीन ठिकाणचे भाव मागवायचे, एका कागदावर उतरवायचे आणि शेठजींपुढे ठेवायचे, हेच माझं काम. त्यामुळे भावात आपल्याला कोणी फसवू शकत नाही असा माझा ठाम समज होता. फसलो तो नेमका भावातच.

मे महिन्यात माझ्या मुलीला, केतकीला, नोकरी लागली. कंपनीची ऑफिसं पुणे, मुंबई आणि बंगळुरूला. कुठं रुजू व्हायचं ते आठ दिवसांत कळवा म्हणाले, पगार तिन्हीकडे तोच. म्हणजे हातात काय उरणार हे ठरणार घरभाड्यावर. आम्ही इथं इंदूरला सुदामा नगरात दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघराचे अकरा हजार देतो. तिकडचे आकडे ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात तर आपल्याकडे किस्तीवर घर येईल." मी तिला म्हटलं, थांब, आधी तक्ता तर करू दे.

रोज रात्री जेवण झालं की पेढीवरचं जुनं लांब रजिस्टर काढायचं आणि फोनवर जाहिराती बघून भाव टिपायचे. एक खोली, हॉल, स्वयंपाकघर असं घर धरलं. पुण्याला वाकडकडे अठरा ते बावीस हजार. बंगळुरूला मराठहळ्ळीला वीस ते सव्वीस (नावात मराठी आहे म्हणून सौ.चा कल तिकडे होता!). पण तिथं अनामत भारी. दहा महिन्यांचं भाडं आधी ठेवून घ्यायची तिथली जुनी रीत, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहावर आली म्हणतात, तरी लाख-सव्वा लाख अडकणारच. केंद्रानं 2021 साली आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे खरी, पण राज्यानं तो कायदा आपला म्हणून केला तरच ती लागू. त्यामुळे बंगळुरूवर मी काट मारली.

मुंबईत ऑफिस अंधेरी पूर्वेला. मरोळ नाक्याला मेट्रोचं स्टेशन आहे, म्हणून मी मरोळ धरलं. तिथल्या बारा जाहिराती उतरवल्या: बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, आणि मग एकदम उडी, चौतीसपासून अडतीसपर्यंत सात. सरासरी काढली, पावणेएकतीस हजार. त्यातलं चोवीसवालं घर फोटोत सगळ्यात नीटनेटकं. सरासरीच्या सहा-सात हजार खाली, म्हणजे स्वस्त, पण संशय यावा इतकं स्वस्त नाही. पुण्यापेक्षा जेमतेम चार हजार जास्त, आणि मेट्रो असल्यामुळे स्कूटीचा खर्च नाही. रजिस्टरमध्ये त्या ओळीखाली मी लाल पेननं दोन रेघा ओढल्या. केतकीनं कंपनीला मुंबई कळवून टाकलं.

ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्यात अजून एक रुपयाही गेला नव्हता.

जाहिरातीवरच्या नंबराला फोन केला. "जय हिंद सर," तिकडून आवाज आला. सैन्यात आहे, पोस्टिंग जैसलमेरला, घर रिकामं पडलंय, घरच्यासारखे भाडेकरू हवेत. मी ओळख मागायच्या आधीच त्यानं आधार, सैन्याचं ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड, वर्दीतला फोटो सगळं पाठवलं. मी एक मागितलं तर त्यानं चार दिली. मला वाटलं, किती सरळ माणूस.

सौ. बाजूला शेंगा सोलत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्यानं आपलं काहीच विचारलं नाही. मुलगी एकटी राहणार का, काय खाते, रात्री किती वाजता येते. आपली मालकीण तर लग्नात सून बघावी तसं बघत होती." मी म्हटलं, मुंबई आहे ती, तिथं असलं कोणी विचारत नाही.

मुंबईत सगळं विचारतात. ते नंतर कळलं. खरा मालक तुमची उलटतपासणी घेतो, कारण त्याचं घर जाणार असतं. ज्याचं घरच नाही तो कशाला विचारेल?

तर त्यानं सांगितलं की सोसायटीत सैनिकाचं घर असल्यामुळे बघायला जायचं तर गेट पास लागतो. अडीच हजार, घर पाहिल्यावर परत. मी टाकले. टाकताना फोनवर खातेदाराचं नाव आलं ते एका बाईचं. विचारलं तर म्हणाला, "सर, युनिट की क्लर्क मैडम का अकाउंट है, हमारा पेमेंट उधर से ही होता है." आणि पावती आली. सोसायटीचं नाव, गोल शिक्का, सही. एकच गोष्ट नव्हती, पावती क्रमांक. बिनक्रमांकाची पावती आमच्या पेढीवर कोणी आणली असती तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. इथं मला ती दिसली, खटकली, आणि मी पुढे गेलो. का, ते अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक ती लाल रेघ एकदा ओढलेली होती म्हणून.

दोन दिवसांनी एक महिन्याचं भाडं, चोवीस हजार, टोकन म्हणून. करारनामा स्टॅम्प पेपरवर करून कुरिअरनं पाठवतो म्हणाला. हे मला अगदी बरोबर वाटलं, कारण आपल्याकडे तसंच चालतं. अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्प पेपर, नोटरी, झालं. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून तर हा अकरा महिन्यांचा आकडा आला. पण महाराष्ट्रात ही पळवाट नाही. तिथल्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे तिथला नेहमीचा घरभाड्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर. आजकाल हे ऑनलाइन होतं: एजंट मशीन घेऊन घरी येतो आणि मालक, भाडेकरू, साक्षीदार सगळ्यांना आधारवर अंगठा लावावा लागतो. अंगठ्याशिवाय करार नाही. हे एवढं मला आधी ठाऊक असतं तर "कुरिअरनं पाठवतो" या दोन शब्दांवरच मी फोन ठेवला असता.

ठरल्या दिवशी केतकीला घेऊन अवंतिका एक्स्प्रेसनं निघालो. दोन बॅगा, एक कुकर, आईनं दिलेले लाडू. रतलामला गाडी थांबली, मी खाली उतरून शेवेचं पाकीट घेत होतो तेवढ्यात त्याचा फोन. दुसरी पार्टी उद्या सकाळी पूर्ण अनामत घेऊन येतेय, पण मी तुम्हाला शब्द दिलाय, तुम्ही निदान अर्धी टाका, छत्तीस हजार. गाडीनं शिटी दिली. एका हातात शेव, एका हातात फोन, आणि मी प्लॅटफॉर्मवर चालता चालता पिन दाबला. केतकी वरून ओरडत होती, "बाबा, गाडी!" तिला वाटलं मी शेवेचे पैसे देतोय.

सकाळी बोरिवलीला उतरलो, लोकलनं अंधेरी, तिथून मेट्रो. इमारत होती. अगदी फोटोतल्यासारखी नाही, पण नाव तेच. वॉचमननं बॅगा पाहिल्या, कुकर पाहिला आणि खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "ग्यारह सौ तीन?" मी न सांगताच तो म्हणाला. "साहब, बिल्डिंग सात मंजिल की है. इस महीने आप चौथे हो."

आत नोटीस बोर्डावर प्लास्टिकमध्ये घालून कागद लावलेला होता, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत: या सोसायटीत घर पाहण्यासाठी कोणताही पास अथवा शुल्क नाही. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. किती जुना असेल तो कागद, याच विचारात मी मिनिटभर उभा होतो. केतकी पायरीवर बसली आणि तिनं डबा उघडून वॉचमनला लाडू दिला. का दिला कोण जाणे.

1930 ला फोन तिनंच लावला. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय नंबर, आणि तिथं लवकर कळवणं महत्त्वाचं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात आणि जिथं सापडतील तिथं बँकेला थांबवायला सांगता येतात. माझा रतलामचा व्यवहार चौदा तासांपूर्वीचा. आधीचे दोन तर केव्हाच पार झाले होते. व्यवहाराचे नंबर विचारले, तक्रार क्रमांक आला, नंतर पोर्टलवर कागद चढवले. छत्तीसपैकी अकरा हजार चारशे एका खात्यात अडवले गेले. ते कोर्टाच्या आदेशानंतर मिळतील असं सांगितलंय. बाकी एक्कावन्न हजार शंभर गेले. आणि हो, घरी परतल्यावर दोन दिवसांत मला आणखी एक फोन आला, तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फाइल चार्ज फक्त बाराशे. फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते वाटतं.

केतकी दोन महिने पीजीत राहिली. मग ऑफिसातल्या हैदराबादच्या एका मुलीबरोबर मरोळलाच घर घेतलं, या वेळी एका खऱ्या दलालाकडून. भाडं छत्तीस हजार, दोघींत अर्धं. अनामत एक लाख वीस हजार. दलाली एक महिन्याची. कराराचं मुद्रांक शुल्क मी स्वतः काढून पाहिलं: अकरा महिन्यांचं भाडं तीन लाख शहाण्णव हजार, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं अकरा महिन्यांचं व्याज अकरा हजार, या बेरजेच्या पाव टक्का, म्हणजे हजारावर थोडं. नोंदणीचे एक हजार. यातलं काहीच माझ्या पहिल्या तक्त्यात नव्हतं, तिथं फक्त भाडं होतं. मालकीणबाईंनी दोघींना समोर बसवून पाऊण तास प्रश्न विचारले, स्वयंपाकात मासे करता का, भाऊ राहायला येतात का. नंतर विजेचं बिल आणि घराच्या कागदाची प्रत दाखवली, तीही दोनदा मागितल्यावर, आणि हातात न देता. मला इतकं बरं वाटलं!

त्या दलालाला मी रजिस्टर दाखवलं. त्यानं बारा ओळींवरून बोट फिरवलं आणि पहिल्या पाचांवर थांबला. "काका, यांतलं एकही घर नाहीये." दोन जाहिरातींत फोटो तेच, फक्त इमारतीचं नाव वेगळं. आणखी दोन गळ टाकलेली. फोन करा, ते कालच गेलं, दुसरं दाखवतो म्हणतील. आणि एक आपला सैनिक. पाचही काढून मी सरासरी पुन्हा काढली. साडेपस्तीस हजार. म्हणजे केतकीच्या आजच्या घराचं भाडं आहे जवळपास तेवढेच.

ज्या सरासरीशी मी त्याचा भाव ताडून पाहिला, ती सरासरी त्याच्यासारख्यांनीच खाली ओढून ठेवली होती. चोवीस हजार साडेपस्तीसच्या शेजारी ठेवले असते तर मलाही घाम फुटला असता. पावणेएकतीसच्या शेजारी ते शहाण्यासारखे दिसले. सियागंजात मी हे कधी होऊ दिलं नसतं. तिथं भाव उतरवतो तो माल हातात घेऊन, जिरं चोळून वास घेऊन. इथं नुसता बोललेला भाव मी वहीत भाव म्हणून लिहिला. पुण्याचे अठरा ते बावीसही तसेच असतील का, हे मी अजून तपासलेलं नाही. तपासायची हिंमत होत नाही.

दिवाळीला केतकी तिच्या त्या हैदराबादच्या मैत्रिणीला घेऊन आली. सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस खाताना विषय निघाला आणि मैत्रिणीनं त्या जाहिरातीतले फोटो बघायला मागितले. हॉलच्या फोटोत घड्याळाच्या बाजूला एक कॅलेंडर आहे. मी फोटो किती वेळा मोठा करून पाहिला होता, खिडकी पाहिली, टाइल्स पाहिल्या, पंख्यावर धूळ आहे का तेही पाहिलं. ती हसायला लागली. "अंकल, ये तो तेलुगू है." तिच्या घरीही तसलंच कॅलेंडर असतं म्हणे.

परवा सहज बघितलं तर तोच हॉल, तेच कॅलेंडर, आता बंगळुरूच्या एका वस्तीत. मालक सैन्यात, पोस्टिंग अंदमानला, भाडं सव्वीस हजार. तक्रारीचं बटण दाबलं, दुसऱ्या दिवशी जाहिरात गेली. आठवड्यानं नव्या नावानं परत आली, एक हजार कमी करून.