‘लिहाफ’ आणि सोबतच्या चार उर्दू कथा : नागरीतून वाचणाऱ्यांसाठी

उर्दू लेखिका इस्मत चुगताईंच्या ‘लिहाफ’ची, म्हणजे ‘रजई’ची, कीर्ती कथेच्या आधीच वाचकापर्यंत पोचते, आणि कथेला त्याचाच त्रास होतो. १९४२ साली लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’मध्ये ती छापून आली, पुढे अश्लीलतेचा खटला झाला, एवढं ऐकून आलेला वाचक पानोपानी काहीतरी चावट हुडकत बसतो. हाती काही लागत नाही. कोर्टाच्याही लागलं नव्हतं. चुगताईंनीच आत्मकथनात लिहिलंय की साक्षीदाराला बोट ठेवायला एक शब्द मिळेना. शेवटी मुलींनी ‘आशिक जमा करणं’ या शब्दांवर गाडी अडली.

खरा ऐवज पहिल्या दोन पानांत आहे, तिथे सावकाश वाचा. नवाबसाहेब हाजी आहेत, दुसऱ्यांनाही स्वतःच्या खर्चाने हजला पाठवतात. घरी कधी बाजारू बाई दिसली नाही. कबुतरं नाहीत, कोंबड्यांच्या झुंजी नाहीत. छंद एकच : विद्यार्थी पोसायचे. गोरे, कोवळे, बारीक कमरेचे, झिरझिरीत कुडत्यांतले. चुगताई हे सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कौतुकाच्या सुरात सांगतात, मध्ये एक शब्द टीकेचा नाही. बेगमजानला मात्र घरातल्या सामानसुमानाबरोबर ठेवून नवाब विसरून जातात. तिच्या अंगाला खाज सुटते, हकीम थकतात, आणि रब्बू या मोलकरणीच्या मालिशीने ती उभी राहते. नवाबाच्या खर्चाला दानधर्म म्हणायचं आणि बेगमच्या गरजेला आजार. कथेचा सगळा उपहास या दोन नावांमध्ये आहे. रात्री बेगम आणि रब्बूच्या अंगावर हलणाऱ्या रजईच्या आत काय चाललंय हा त्यामानाने दुय्यम प्रश्न.

एक जागा मात्र अवघड आहे. ‘स्त्रीच्या इच्छेचा जयजयकार’ म्हणून ही कथा पुढे करणारे हमखास तिथे घसरतात. रब्बू मुलाला भेटायला जाते तेव्हा बेगमजानचा हात घरी राहायला आलेल्या लहान मुलीकडे वळतो; कथा सांगते ती हीच मुलगी. फ्रॉक शिवायचा, माप घ्यायचं, या निमित्ताने ती मुलीच्या बरगड्या मोजते. मुलीचा जीव घुसमटतो आणि लेखिका तो घुसमटू देते. बेगमवर अन्याय झालाय म्हणून तिच्या हातून अन्याय होत नाही, असं कथा कुठेही म्हणत नाही. हे पान गाळून केलेली स्तुती अर्धवट आहे.

पुस्तक घेताना शेवटचं वाक्य बघून घ्या. आज सहज मिळणाऱ्या पाठात रजईचा कोपरा फूटभर उचलला जातो, मुलगी ‘अल्लाह!’ म्हणते आणि गडाप्‌ करून आपल्या अंथरुणात शिरते. काही पाठांत त्यापुढे आणखी एक वाक्य असतं : लाख रुपये दिले तरी काय पाहिलं ते सांगणार नाही, अशा अर्थाचं. उर्दू कथाकार सआदत हसन मंटोला ते फालतू वाटलं होतं आणि त्याने तसं तोंडावर सांगितलंही. त्याचंच बरोबर. गडाप्‌वर थांबणारा पाठच घ्यावा.

भाषेचं म्हणाल तर नागरीतून मूळ उर्दू वाचणं मराठी वाचकाला वाटतं तितकं जड जात नाही. अडतं ते बायकांच्या बोलीपाशी. ‘मुआ’, ‘निगोडी’, ‘ऐ है’ असे शब्द कोशातल्या अर्थाने वाचले तर निर्जीव होतात. आपल्याकडचं ‘मेला’, ‘भवानी’, ‘अगंबाई’ मनात ठेवून वाचले की लगेच चालू लागतात. ‘लिहाफ’ला गोधडी म्हणण्याचा मोह टाळावा. गोधडी जुन्या लुगड्यांची, गरिबाघरची. हा कापूस भरलेला, नवाबाच्या वाड्यातला ऐवज आहे. रजई किंवा दुलई म्हणा. ‘खाज’ हा शब्द मात्र मराठीत आयताच दुहेरी मिळतो, जरा जास्तच उघडपणे.

या पाच कथांत माझ्या मते सरस चुगताईंचीच ‘घरवाली’. लाजो ही घरकामाची बाई, आगापीछा नसलेली, कुणाचंही उधार न ठेवणारी. मिर्झा तिच्यावर लट्टू होतो, तोवर सगळं झकास चालतं. मग तो निकाह लावतो, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती लहेंग्यावर. घेरदार, पायांना वारा लागू देणाऱ्या लहेंग्याऐवजी तंग पायजमा. आता बायको घरात सुरक्षित आहे म्हटल्यावर मिर्झा पुन्हा कोठ्याकडे वळतो. लाजोची नजर शेजाऱ्याकडे वळली की मात्र मार आणि तलाक. पुढची मेख लाजवाब आहे. लाजो अनौरस, म्हणून निकाह मुळात वैधच नव्हता, असा निर्वाळा मिळतो आणि मिर्झा सुटकेचा श्वास सोडतो. बायकोच नव्हती, तर नाक कसं कापलं जाईल? लाजो परत येऊन झाडू हातात घेते. वासना, मत्सर, प्रेम यांतलं काहीही बदललेलं नाही, बदलली ती फक्त कागदावरची नोंद. एवढी हसरी आणि एवढी जहरी कथा चुगताईंनाही दुसरी क्वचितच साधली असेल.

चुगताईंचीच ‘चौथी का जोडा’ हसवत नाही. शीर्षकातली चौथी म्हणजे लग्नानंतर चौथ्या दिवशीचा विधी, आणि जोडा म्हणजे त्यासाठीचा नवरीचा पोशाख. अपुऱ्या कापडातूनही जोडा बेतून दाखवणारी आई, लग्नाची वाट बघणारी कुबरा, आणि पाहुणा म्हणून येऊन पराठे हाणणारा राहत नावाचा तरुण. मंतरलेला मलिदा घेऊन धाकटी हमीदा त्याच्या खोलीत जाते, आणि तो तिचाच घास घेतो. मराठीत ‘मलिदा खाणे’ला जो अर्थ आहे तो इथे न मागता हजर होतो.

रशीद जहाँ यांची ‘दिल्ली की सैर’ जेमतेम तीनेक पानांची. ती १९३२च्या ‘अंगारे’ संग्रहातली, ज्यावर संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशाच्या) सरकारने मार्च १९३३मध्ये बंदी घातली. नवरा बायकोला दिल्ली दाखवायला नेतो आणि स्टेशनावर बुरख्यात, सामानावर बसवून मित्राबरोबर पसार होतो. परतल्यावर म्हणतो, मी हॉटेलात जेवून आलो, भूक असेल तर पुऱ्या आणू का? इच्छा वगैरे मोठे शब्द नंतर. इथे साधी भूकसुद्धा त्याच्या सोयीने. सुरुवात करायची असेल तर हिच्यापासून करा, दहा मिनिटांत होते.

वाजिदा तबस्सुम अमरावतीत जन्मल्या, पण ‘उतरन’ हैदराबादच्या नवाबी घरातली, दखनी बोलीतली. ‘नक्को’ मराठी कानाला समजावून सांगावं लागत नाही, आणि उतरनला आपल्याकडे ‘जुनेर’ हा नेमका शब्द आहे. दाईची मुलगी चमकी जन्मभर मालकिणीच्या मुलीची, शहजादी पाशाची जुनेरं नेसते आणि पाशाच्या लग्नाआधी नवरदेवालाच ‘वापरून’ पुढे पाठवते. सूड म्हणून फक्कड. पण बेत इतका काटेकोर आहे की चमकीला स्वतःला काय हवं होतं ते बाजूलाच राहतं, आणि ती शेवटी हिशेब तोंडाने बोलून दाखवते. मंटोचा तो आक्षेप खरं तर इथे जास्त लागू पडतो.