लाईट गेल्यावर हार्डडिस्क उघडत नाहीये: घरी सॉफ्टवेअर चालवायचं की लॅबला द्यायची?

सॉफ्टवेअर कुठलं चांगलं हे नंतर बघू, आधी डिस्कला कान लावा. टकटक आवाज येत असेल तर बहुतेक हेडचा (डेटा वाचणाऱ्या बारीक भागाचा) घोळ आहे, पॉवर काढा आणि सरळ लॅब गाठा, कारण चालू ठेवलं तर डेटा असतो त्या आतल्या प्लेटवर ओरखडे पडतात आणि मग लॅबवालेही हात वर करतात. डिस्क फिरतच नसेल तर बऱ्याचदा लाईट परत येतानाच्या झटक्याने खालचा बोर्ड गेलेला असतो आणि आतला डेटा शाबूत असतो. तसाच दुसरा बोर्ड आणून लावायचा मोह होतो, पण बहुतेक नव्या डिस्कमध्ये जुन्या बोर्डावरची रॉम चिप पण काढून त्यावर बसवावी लागते, त्या डिस्कची स्वतःची सेटिंग्ज त्यात असतात. सोल्डरिंगवर हात बसलेला नसेल तर या भानगडीत पडू नका.

डिस्क शांतपणे फिरतेय, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणारी सेटिंग्जची स्क्रीन) नाव आणि साईज बरोबर दिसतेय, फक्त विंडोज फॉरमॅट करा म्हणतंय किंवा ड्राइव्ह रॉ (म्हणजे आतली मांडणी ओळखता येत नाही) दाखवतंय, तर घरी जमू शकतं.

इथे जो तो विंडोजमधलंच चेकडिस्क चालव म्हणून सांगतो, मला ते अजिबात पटत नाही. ते फाईल सिस्टीम (कुठली फाईल कुठे आहे याची नोंद) दुरुस्त करतं, तुमच्या फाईली वाचवणं हे त्याचं काम नाही, वर त्याच डिस्कवर लिहितं, आणि तुटके तुकडे फाउंड.००० फोल्डरमध्ये .सीएचके नावाने टाकून मोकळं होतं.

त्यापेक्षा टेस्टडिस्क हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, काळी स्क्रीन बघून दचकू नका, पार्टिशन (डिस्कचा सी, डी ड्राइव्हसारखा भाग) सापडलं की फाईलींची लिस्ट दिसते, हव्या त्या सिलेक्ट करून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायच्या, नावं-फोल्डर सगळं जसंच्या तसं. त्यातून काहीच दिसलं नाही तरच सोबत येणारं फोटोरेक, ते फाईलीच्या सुरुवातीच्या खुणा बघून शोधतं त्यामुळे फोटो येतात पण नावं जातात, आणि मोठे व्हिडिओ तुकड्यांत पसरलेले असले तर अर्धवट निघतात.

पण यातलं काहीही करायच्या आधी स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) १९७ नंबर बघा, पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडलेल्या जागा. शून्य नसेल तर डीडीरेस्क्यू या कॉपी काढणाऱ्या सॉफ्टवेअरने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर अख्खी कॉपी काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागेशी नंतर झटापट करतं, आणि मॅप फाईल (कुठवर काम झालं याची नोंद) दिलेली असेल तर मध्येच परत लाईट गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं (जाणारच, यूपीएस लावा).

एसएसडी असेल आणि बायोसलाच दिसत नसेल तर यातलं काही उपयोगाचं नाही, ते लॅबचंच काम.

लॅबला देताना तपासणीचे पैसे वेगळे आहेत का आणि डेटा नाही निघाला तर किती द्यायचे हे आधी लिहून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की शोधून ठेवा, ती नसेल तर त्यांनी डिस्क वाचली तरी फाईली उघडणार नाहीत.