यामाहा आर१५ व्ही४ ला मागे १५०/६० चा टायर: दिसायला भारी, पण ट्रॅक्शन कंट्रोलचं काय?

माझी व्ही४ बाइक सेकंडहँड. आधीच्या मालकाने मागे १५०/६०-१७ घालूनच विकली, त्यामुळे एक अख्खा पावसाळा मी त्या टायरवर काढला आणि मग कंपनीच्या १४०/७०-१७ वर आलो. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण रबर चांगलं होतं, ओल्यात ग्रिपही ठीक होती, तक्रार फक्त साइजची आहे.

दिसायला गाडी जबरदस्त दिसते, ते मान्यच. पण रिम कंपनीचीच राहते ना, त्यावर रुंद टायर चढवला की कडा आत ओढल्या जातात आणि टायर मधे जास्त गोल होतो, म्हणजे ज्या रुंदीसाठी पैसे मोजले त्यातली थोडी तिथेच गेली.

आता मुद्द्याचं. सगळे १४० चे १५० झाले एवढंच बघतात, तिरक्या रेघेनंतरचा आकडा कोणी बघतच नाही. पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा तिच्या किती टक्के साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची. १४० चे ७० टक्के म्हणजे साइडवॉल ९८ मिमी, आणि १५० चे ६० टक्के म्हणजे ९०. १७ इंची रिम धरून हिशोब केला तर टायरचा व्यास ६२८ वरून ६१२ मिमी वर येतो, घेर ५ सेंमीने कमी, म्हणजे साधारण अडीच टक्के. टायर रुंद झाला पण बुटका झाला. बुटकं चाक तेवढ्याच स्पीडला जास्त फिरतं, आणि ह्या गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल (टीसी, म्हणजे मागचं चाक घसरलं की इंजिनची ताकद कमी करणारी सिस्टीम) पुढचं आणि मागचं चाक किती फिरतंय एवढंच ताडून बघतं, गाडी किती झुकलीय हे मोजणारा आयएमयू यात नाहीये. त्यामुळे मागचं चाक घसरत नसलं तरी ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या) हिशोबात ते आधीच अडीच टक्के पुढे पळतंय.

सरळ रस्त्यावर काहीच जाणवत नाही, हायवेला तर अजिबात नाही. एवढी सूट सिस्टीमला द्यावीच लागते, टायर झिजून झिजूनच दीड टक्क्याच्या आसपास घेर कमी होतो. गंमत ताम्हिणी घाटात. गाडी झुकली की टायर मधल्या भागावर नाही तर कडेवर चालतो, तिथला घेर अजून लहान, आणि हा फरक पुढच्यापेक्षा मागच्या रुंद टायरला जास्त पडतो. म्हणजे आधीचे अडीच टक्के अधिक हे. वळणातून बाहेर पडताना जरा थ्रॉटल दिला की मीटरवर टीसीचा दिवा लुकलुकायचा आणि इंजिन क्षणभर गिळल्यासारखं व्हायचं, इग्निशन आणि फ्युएल मागे घेतं ना ते. ओल्यात एकवेळ समजू शकतो हो, पण कोरड्या रस्त्यावर पण? १५५ सीसी, १८.४ पीएस, एवढ्यात कोरड्यावर मागचं चाक स्पिन करून दाखवा बघू. कंपनी साइज घातल्यावर त्याच वळणांवर त्याच हाताने दिवा गप्प.

पण खरं सांगायचं तर दिवा लागणं परवडलं. १५०/७० घालणारे पण आहेत, त्यांचं उलटं होतं. तो टायर कंपनीच्यापेक्षा सव्वादोन टक्के मोठा, मागचं चाक हळू फिरतं, त्यामुळे खरंच घसरायला लागलं तरी सुरुवातीची घसरण त्या फरकात झाकली जाते आणि टीसी उशिरा जागं होतं. दिवा लागत नाही म्हणून लोक म्हणतात एकदम स्मूथ झाली गाडी! त्यात पुढे ११०/७० घातला असेल तर पुढचं चाक अजून लहान, दोन्ही मिळून फरक तीन टक्क्यांच्या वर. तोच ११०/७० पुढे आणि मागे १५०/६० असेल तर मात्र फरक दीड टक्क्यावर येतो. म्हणजे बघायचं ते पुढच्या-मागच्याचं प्रमाण, नुसती रुंदी नाही.

घालायचाच असेल तर टायरवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नका, मोजा. हवा बरोबर भरा, टायरवर खडूने रेघ मारा, गाडीवर बसा आणि कोणाला तरी हळू ढकलायला सांगा, रेघ पुन्हा खाली येईपर्यंत. जमिनीवरचं अंतर टेपने घ्या, पुढचं पण तसंच. एकाच साइजचे दोन ब्रँड पण मोजले की सारखे निघतील असं नाही, म्हणून नुसत्या छापलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

एप्रिलिया आरएसव्ही४ सारख्या गाड्यांत टायर बदलला की सिस्टीम नव्याने कॅलिब्रेट करायची सोय आहे, आपल्या बजेटात ते लाड नाहीत. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये तर सरळच म्हटलंय की वेगळ्या साइजचा टायर घातला तर ट्रॅक्शन कंट्रोल नीट काम करणार नाही.

साइजला ५ पैकी २, ते पण लुकचे. आणि कोणी म्हणेल टीसी बंद करून चालव, तर भाऊ, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पण चाकांच्या त्याच सेन्सरवर चालतं आणि ते बंद करायचं बटण ह्या गाडीत नाहीये.