बाल्कनीतलं ऑफिस की बेडरूमचा कोपरा?

पुण्यात टू बीएचकेमध्ये घरून काम करायचं ठरलं की जागा दोनच सुचतात. काचा लावून बंद केलेली बाल्कनी, नाहीतर बेडरूमचा कोपरा. हॉल मी धरतच नाही. कुकर, कुरिअर आणि टीव्ही यांच्यामध्ये हिशेबाचं काम होत नाही. कोथरूडच्या आमच्या घरात मी दोन्हीकडे बसून काम केलंय. आता बेडरूममध्ये बसतो, पण तुमच्या घरी उत्तर वेगळं निघू शकतं.

बाल्कनीचं मोठं सुख म्हणजे दार. ते ओढलेलं दिसलं की घरातले हाक मारत नाहीत. रात्री परदेशातल्या क्लायंटशी बोलायचं असेल तरी कुणाची झोप मोडत नाही.

पण मोजमाप आधी घ्या. आमची बाल्कनी ८ बाय ४ फूट. टेबलाला २ फूट खोली लागते, त्याहून कमी असेल तर मॉनिटर डोळ्यांच्या फार जवळ येतो. हे टेबल लांबीच्या बाजूने लावलं तर मागे २ फूटच उरतात, आणि खुर्ची सरकवून उठायला अडीच-तीन फूट तरी हवेत. म्हणून ते एका टोकाला, ४ फुटांच्या बाजूला लावायचं. तसं केलं की काच डाव्या-उजव्या हाताला येते आणि स्क्रीनवर चकाकीही पडत नाही.

खरा निकाल दिशेवर लागतो. आमची बाल्कनी पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी ३ नंतर काच हात लावू देत नव्हती, पडदा ओढला तर कोंडायचं. पावसाळ्यात वारा त्याच बाजूने येतो, त्यामुळे स्लायडिंगच्या पट्टीतून पाणी आत यायचं. जुलैतल्या एका सकाळी प्रिंटरचा ट्रे ओढला तर कागद दमट होऊन कडा वळल्या होत्या, एका वेळी तीन-तीन पानं आत ओढली जात होती. खालच्या कप्प्यातल्या फायलींवर पांढरी बुरशी दिसली, त्याच आठवड्यात मी सामान आत हलवलं.

तुमची बाल्कनी उत्तरेची असेल तर मात्र निर्धास्तपणे तीच घ्या. तिथला उजेड दिवसभर एकसारखा असतो. पूर्वेचीही चालेल, सकाळी दोन तास पडदा लावावा लागेल इतकंच. फक्त काचा बसवण्याआधी सोसायटीला आणि महापालिकेचे नियम विचारून घ्या.

खर्चात बेडरूम सरळ जिंकते. पंखा, ट्यूब, प्लग पॉइंट सगळं असतं. बाल्कनीत बहुधा एकही प्लग नसतो. एक्स्टेंशन दारातून ओढलं की दार लागत नाही, म्हणजे जिच्यासाठी गेलो ती शांतताच गेली. केसिंग पट्टीतून, म्हणजे भिंतीवरून वायर नेणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीतून, वेगळा पॉइंट घ्यावा लागतो. त्याचं सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं. वाय-फायही पाहा: राउटर हॉलमध्ये असेल तर दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशक्त होतो. मी शेवटी लॅन केबलच ओढली.

बेडरूमची अडचण म्हणजे पलंग आणि तिथे झोपणारं माणूस. रात्रपाळी असेल तर हा पर्याय सोडाच. दिवसाचं काम असेल तर भिंतीला बिजागरीवर मिटणारं टेबल लावा, जमिनीपासून साधारण ३० इंचांवर. वरती दोन फळ्या: खालच्या फळीवर या आठवड्याची कागदपत्रं, वरच्या फळीवर बॉक्स फाइल. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये १८ मिमी प्लायचा ८ बाय ४ चा एक शीट घेतला तर एवढं सगळं त्यातून निघतं.

कुठेही बसा, राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस जोडा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, नेट मात्र जातं.

प्लाय कापून घेण्याआधी एक दिवस साधं स्टूल आणि घडीचं टेबल घेऊन दोन्ही जागी बसा. दुपारी ३ ते ५ या वेळेत, आणि जमलं तर पाऊस पडत असताना.