गुगेनहाइममध्ये गायतोंडे: २०१४-१५ चं प्रदर्शन

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन ११ फेब्रुवारी २०१५ पर्यंत चालू होतं, आणि जर्सी-न्यूयॉर्कमधल्या आपल्या लोकांपैकी कितीजण जाऊन आले देव जाणे. बाई-माणूस-झाड काही दिसत नाही म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्टला घाबरणाऱ्यांनी तर नक्की जायला हवं होतं, कारण तिथे गिरगावच्या चाळीत वाढलेला, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला आपला माणूस होता.

सुरुवातीला कागदावरची लहान चित्रं होती, त्यात माणसं वगैरे होती, स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव लगेच कळतो. छान होती पण मी तिथे फार रेंगाळलो नाही. खरी मजा साठच्या दशकापासून. तिथून ब्रश जवळजवळ बाजूला पडतो आणि रोलर अन् पॅलेट नाइफ (रंग पसरायची-खरवडायची सुरी) येतात. एका करड्या-हिरवट कॅनव्हासच्या अगदी जवळ गेलो (गार्ड बघत होता, पण हात लावला नाही!) तर एकाच रंगाखाली दुसरा, त्याखाली तिसरा, कुठे खरवडून काढलेला, कुठे रोलर फिरून कडा पुसट झालेली, लांबून जे नुसतं धुकं वाटतं ते जवळून इतकं मेहनतीचं काम आहे की वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास का व्हायचे ते कळतं. पुढे सत्तरच्या दशकात कागद कापून तो रंगावर दाबून उचलायची त्यांची पद्धत आली, त्यातून एखाद्या न वाचता येणाऱ्या लिपीसारखे आकार उमटलेत, आणि ते पिवळ्या-केशरी रंगात नुसते तरंगतात.

गायतोंड्यांचं नाव निघालं की सगळे लगेच झेनवर (बौद्ध ध्यानपरंपरेवर) जातात, ते खरंही आहे, पण माझ्या मते त्यांची कारागिरी आधी बघा, ध्यानबिन नंतर. ते स्वतः आपल्या कामाला अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाही, नॉन-ऑब्जेक्टिव (कुठल्याच वस्तूचं चित्रण नसलेलं) म्हणायचे. बहुतेक चित्रांना नावंच नाहीत, त्यामुळे पाटी वाचून अर्थ लावायची सोयच नाही, बघत बसावंच लागतं.

१९६४-६५ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते याच शहरात राहून गेले होते. २००१ मध्ये ते वारले. हयात असताना एवढा मोठा शो त्यांना मिळायला हवा होता असं राहून राहून वाटलं, तिथे उभं असताना डोळे भरून आले खरं सांगायचं तर.

म्युझियमच्या मधल्या गोल रॅम्पवर नाही, चित्रं बाजूच्या दालनांत होती. शनिवारी संध्याकाळी जमेल तेवढे पैसे देऊन आत जाता यायचं पण रांग असायची, निवांत बघायला वीकडेची सकाळ बरी होती. प्रदर्शन संधिनी पोद्दार यांनी क्युरेट केलं होतं (म्हणजे चित्रांची निवड आणि मांडणी त्यांची), त्यांचं पुस्तकही आहे, पण छापलेल्या फोटोत ते थर दिसत नाहीत, त्यासाठी चित्रं प्रत्यक्षच बघायला हवीत.